पेटीच्या एकलवादन स्पर्धेसाठी राग, बंदिश आणि तालाची निवड

पेटीच्या एकलवादन स्पर्धेत वादकाला बहुधा दहा ते पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात काय वाजवायचे हे दोन-तीन महिने आधी ठरवावे लागते, आणि निकालावर या निवडीचा परिणाम रियाझाइतकाच होतो. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवांत शास्त्रीय वादनाचा सूरवाद्य गट असतो. त्यात वादनाला जास्तीत जास्त १५ मिनिटे, मंचावर वाद्ये लावायला वेगळी ५ मिनिटे आणि दोन साथीदार अशी मुभा असते. चित्रपटसंगीत चालत नाही. परीक्षक स्वर, ताल, रागाची निवड, रचना आणि एकंदर परिणाम पाहून गुण देतात. या पाचांपैकी रागाची निवड आणि रचना या दोन गोष्टी स्पर्धक मंचावर चढण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात. तिथे गेलेले गुण मंचावरच्या तयारीने भरून निघत नाहीत.

अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात शिकणारा पेटीवादक पहिल्यांदा उभा राहतो तो ‘युवारंग’मध्ये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा हा महोत्सव जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचा. तिथून निवड झाली तर राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’, पुढे पश्चिम विभाग आणि त्याही पुढे राष्ट्रीय महोत्सव. म्हणजे एकच तयारी अनेक महिने, वेगवेगळ्या परीक्षकांपुढे वाजवावी लागते. पहिल्या फेरीपुरती बसवलेली, सगळ्या ताना पाठ केलेली मांडणी या प्रवासात शिळी होते. निवडलेला राग दर फेरीला थोडा अधिक उलगडत जाईल असा असावा. शिवाय स्पर्धेगणिक नियम बदलतात. कुठे दहा मिनिटे असतात, कुठे उपशास्त्रीय चालते, कुठे रागासोबत नाट्यपदही मागितलेले असते. म्हणून नियमपत्रक हातात येईपर्यंत काहीही पक्के करू नये.

समतोल म्हणजे काय

स्पर्धेच्या तयारीत ‘समतोल’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि त्याचा अर्थ ‘सगळे थोडे थोडे’ असा घेतला जातो. त्यातून पंधरा मिनिटांत तीन राग, एक धून आणि शेवटी भैरवी अशी मांडणी तयार होते. ऐकणाऱ्याला तिच्यातून फक्त एवढेच कळते की वादकाला पुष्कळ गोष्टींची सुरुवात येते. समतोल कार्यक्रमात प्रत्येक भाग असे काही दाखवतो जे दुसऱ्या कुठल्याही भागात दिसलेले नसते. आलापात स्वर लावण्याची समज दिसावी, मध्यलयीच्या रचनेत लयीशी खेळ, द्रुतात हाताची तयारी. दोन भाग एकच गोष्ट दाखवत असतील, तर त्यातला एक काढून उरलेल्याला जास्त वेळ द्यावा.

पियानोच्या स्पर्धांत हीच गोष्ट अधिक रेखीवपणे पाहायला मिळते, कारण तिथे सगळे संगीत लिहिलेले असते आणि निवड हाच स्पर्धकाचा पहिला निर्णय असतो. तिथल्या कार्यक्रमात सहसा चार काळांचा विचार होतो. बाखचा एखादा इन्व्हेन्शन किंवा प्रिल्यूड-फ्यूग हे दोन हातांत स्वतंत्र सुरावटी सांभाळण्याचे काम. हायडन, मोझार्ट किंवा बेथोवेनच्या सोनाटाचा पहिला भाग रचनेची बांधणी किती कळली आहे ते दाखवतो. शोपँ किंवा शुमानमध्ये स्वरांचा गोडवा आणि पेडलचा वापर तपासला जातो, आणि विसाव्या शतकातला बार्टोक किंवा कबालेव्हस्की लयीची धार दाखवतो. लंडनच्या रॉयल स्कूल्सच्या परीक्षांतही तीन वेगवेगळ्या गटांतून एकेक रचना निवडावी लागते, त्यामागे हाच हेतू असतो. वॉर्सात १९२७ पासून चालत आलेली शोपँ स्पर्धा मात्र एकाच रचनाकाराला वाहिलेली आहे. तिथेही स्पर्धकाला एट्यूड, नॉक्टर्न, मझुर्का, पोलोनेज असे भिन्न प्रकृतीचे प्रकार वाजवावे लागतात. एकाच रचनाकारात समतोल साधता येतो, तसा तो एकाच रागातही साधता येतो. युवक महोत्सवात पाश्चात्य वाद्यवादनाचा गट वेगळा असतो. त्यासाठी खानदेशातून कोणी पियानोची तयारी करत असेल तर दहा मिनिटांना दोन, फार तर तीन रचना पुरतात: एक बाखची, एक सोनाटिनाचा किंवा सोनाटाचा भाग आणि एक शोपँनंतरची. घरचा सराव ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर आणि स्पर्धेत समोर ८८ पट्ट्यांचा पियानो, अशी वेळ आली तर जड पट्ट्यांवर हात थकतो. अशा स्पर्धकाने वेगाच्या रचनेऐवजी नाजूक आणि मध्यम लयीची रचना घ्यावी, आणि महिनाभर आधी तरी खऱ्या पियानोवर बसण्याची सोय पाहावी.

वाद्याची मर्यादा आणि रागाची निवड

पेटी युरोपात जन्मली. १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँने तिचे पायाने चालवायचे रूप पेटंट केले आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ती मांडीजवळ ठेवून वाजवण्याजोगी केली. तिच्या पट्ट्या बारा सारख्या अंतरांवर लावलेल्या असतात आणि दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिला काढता येत नाही. मींड नाही, आंदोलन नाही. याच कारणावरून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. १९७१ नंतर ती अटींसह साथीपुरती परत आली, एकलवादनाला मात्र त्यानंतरही बरीच वाट पाहावी लागली. ही जुनी हकीगत स्पर्धकाने लक्षात ठेवावी, कारण सूरवाद्य गटात त्याच्या शेजारी सतार, बासरी आणि व्हायोलिन असतात आणि परीक्षकांत गायक असण्याचा संभव मोठा. पेटीला जे जमत नाही तेच ज्या रागाचे प्राण आहेत, तो राग घेतला तर पहिल्या दोन मिनिटांतच ही तुलना सुरू होते.

दरबारी कानड्याचा आंदोलित, अतिकोमल गंधार पेटीवर नाही. मियाँमल्हारातले दोन निषादांचे हेलकावे नाहीत. भैरवातले रिषभ-धैवत नुसते पट्टी दाबून उभे राहत नाहीत. श्री आणि मुलतानी यांत स्वरांच्या मधल्या वाटाच महत्त्वाच्या. थोर वादकांनी कणस्वर आणि भात्याच्या दाबावर हे रागही वाजवले आहेत. परंतु विद्यार्थ्याने स्पर्धेत त्यांच्या वाटेला जाऊ नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे. दरबारी घेतल्याने वादक मोठा दिसतो हा समज खोटा आहे.

उलट ज्या रागांचे रूप मुख्यतः स्वरांच्या क्रमातून, उड्यांतून आणि न्यासांतून उभे राहते, ते पेटीवर खुलतात. हंसध्वनी, कलावती, जोग, किरवाणी, चारुकेशी, नटभैरव, बैरागी, गोरखकल्याण, रागेश्री, मधुवंती, बिहाग हे राग पेटीला मानवतात. किरवाणी, चारुकेशी आणि हंसध्वनी कर्नाटक पद्धतीतून उत्तरेकडे आले. त्यांत मींडेपेक्षा स्वरसमूहांना अधिक जागा आहे, म्हणून वादकांनी ते मोठ्या आवडीने जवळ केले.

यमनाचा मुद्दा थोडा सविस्तर पाहावा लागतो, कारण बहुतेक विद्यार्थ्यांचा पहिला कल तिकडेच असतो. सप्तकाचे १२०० सेंट मानले तर तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार सुमारे ३८६ सेंटवर येतो, आणि पेटीची पट्टी ४०० वर असते. म्हणजे पेटीचा गंधार १४ सेंटांनी चढा. शुद्ध धैवताचा फरक सुमारे १६ सेंटांचा. पंचमात मात्र जेमतेम २ सेंटांचा फरक आहे, तो कोणाला जाणवत नाही. यमनात गंधार वादी. त्यावर दीर्घ थांबायचे आणि मागे तंबोरा चांगला लावलेला, अशा वेळी तो चढेपणा जाणत्या कानाला टोचतो. म्हणून यमन घ्यायचाच असेल तर गंधारावरचा मुक्काम छोटा ठेवून न्यास पंचम आणि षड्जाकडे वळवावेत, किंवा स्वर नैसर्गिक अंतरांवर लावून घेतलेली पेटी वापरावी. डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची संवादिनी याच अडचणीवर उपाय म्हणून तयार केली. साधी पेटीही चांगल्या कारागिराकडून एका ठरावीक षड्जासाठी लावून घेता येते, फक्त मग ती दुसऱ्या पट्टीत बेसूर वाटते. कोमल गंधाराचेही असेच आहे: पेटीचा कोमल गंधार सुमारे १६ सेंटांनी उतरलेला असतो. भीमपलासात किंवा पटदीपात तो खालून कण देऊन, चालता ठेवला की खटकत नाही.

दुसरा प्रश्न प्रहराचा. महोत्सवात सादरीकरणाचा क्रम चिठ्ठीने ठरतो आणि सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत केव्हाही पुकारा होऊ शकतो. रागाच्या वेळेबाबत परीक्षक सहसा सवलत देतात. तरी भर दुपारी एकला सारंग वाजला की सभागृहाचे कान आपोआप जुळतात, आणि तिथे मालकंस सुरू केला तर ते जुळायला वेळ लागतो. दुपारचे राग हाताशी असणे म्हणूनच फायद्याचे: वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, भीमपलास, पटदीप, मधुवंती. दोन राग तयार असले, एक सकाळचा आणि एक दुपारनंतरचा, तर क्रमांक कळल्यावर निवड करता येते. मात्र दोन्ही सारखेच तयार असायला हवेत. दुसरा राग अर्धवट असेल, तर वेळ चुकलेला परंतु मुरलेला राग केव्हाही बरा.

राग किती मुरलेला असावा याला एक चांगली कसोटी आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याने चालू वर्षाच्या अभ्यासक्रमातला राग स्पर्धेत घेऊ नये. विशारदाची तयारी चालू असेल तर मध्यमेच्या वर्षांत शिकलेला राग निवडावा. त्या रागाला दोन-तीन वर्षे झालेली असतात, त्याचे चलन बोटांत बसलेले असते, आणि मंचावर हात थरथरला तरी राग सुटत नाही. नव्या आणि अप्रचलित रागाने परीक्षक प्रभावित होतात ही समजूत विद्यार्थ्यांपेक्षा पालकांत जास्त आढळते. अप्रचलित रागात परीक्षक पहिली पाच मिनिटे त्याची ओळख पटवून घेण्यातच घालवतात.

बंदिश आणि ताल

राग ठरला की बंदिश शोधायची, असा क्रम नेहमी सांगितला जातो. स्पर्धेपुरता तो उलटा करणे अधिक शहाणपणाचे आहे. हाताशी असलेल्या बंदिशींतली कोणती पेटीवर बोलते हे आधी पाहावे आणि तिचा राग घ्यावा. पेटीवर बंदिशीचे शब्द नसतात. म्हणून ज्या बंदिशीचे सौंदर्य शब्दफेकीत आहे ती पेटीवर सपाट होते, आणि जिचा मुखडा स्वरांच्या उडीने, चमकदार उठावाने समेवर येतो ती पहिल्या आवर्तनातच लक्ष वेधते. मुखडा लहान असावा. पाच किंवा सात मात्रांचा उठाव असला की तान कुठूनही संपवून तो धरता येतो. त्याहून लांब मुखडा तानेची जागा खातो.

पेटीवर दोन अंगे चालतात: ख्यालाच्या बंदिशी गळ्यासारख्या वाजवण्याचे गायकी अंग आणि सतारीच्या गतीसारखे, तोडे-झाल्याचे तंतकारी अंग. पेटीचा स्वर भात्याच्या श्वासावर टिकतो, त्यामुळे महाराष्ट्रातली परंपरा बहुतांशी गायकी अंगाची राहिली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५), पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६), आप्पा जळगावकर (१९२२–२००९) आणि पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांच्या वादनात शब्द नसतानाही पद ऐकू येते. मनोहर चिमोटे यांनी पेटीच्या स्वतंत्र वादनासाठी आयुष्य वेचले आणि ‘संवादिनी’ हे नाव रूढ केले. स्पर्धेच्या कार्यक्रमात आलाप आणि मध्यलय गायकी अंगाने, आणि द्रुताचा शेवट झाल्याकडे झुकणारा, अशी जोडणी चांगली जमते. ती दोन्ही अंगांचा परिचय दाखवते आणि कानाला बदलही मिळतो.

तालाच्या निवडीत आवर्तनांचा हिशोब कागदावर मांडून पाहावा. विलंबित एकतालाचे एक आवर्तन ४८ सेकंदांचे धरले तर पाच मिनिटांत सहाच आवर्तने होतात. सहा आवर्तनांत बढत करणे मुरलेल्या कलावंतालाही अवघड जाते. विद्यार्थ्याच्या हातून त्यात फक्त रिकामी जागा भरली जाते. पंधरा मिनिटांच्या स्पर्धेत विलंबित ख्याल टाळावा. त्याऐवजी मध्यलयीचा झपताल घ्यावा. मिनिटाला ९० मात्रांची लय ठेवली तर झपतालाचे आवर्तन पावणेसात सेकंदांच्या आसपास येते आणि पाच मिनिटांत साधारण ४५ आवर्तने मिळतात. तेवढ्यात स्थायी, अंतरा, छोटी बढत, लयकारी, ताना आणि दोन-तीन तिहाया आरामात मांडता येतात. झपतालाऐवजी सात मात्रांचा रूपकही चालतो. त्याची सम खालीवर येत असल्याने मुखड्याला वेगळी लचक मिळते. द्रुतासाठी तीनतालाला पर्याय शोधू नये. आधीचा ताल पाच किंवा सात मात्रांच्या चालीचा असला की तीनतालाच्या चौरस ठेक्यात येताना ऐकणाऱ्याला मोकळे वाटते. हा फरकही समतोलाचाच भाग आहे. मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत तीनतालाचे आवर्तन चार सेकंदांचे होते आणि चार मिनिटांत ६० आवर्तने पडतात. त्यासाठी ताना मोजून, वेगवेगळ्या जातींच्या तयार ठेवाव्या लागतात. नाहीतर एकच सपाट तान वीस वेळा येते.

आडा चौताल, पंचम सवारी अशा तालांचा मोह तबलजी मित्रामुळे होतो. लयीवर पक्की पकड असेल तर आडा चौताल जरूर घ्यावा. नसेल तर समेवर पोचण्याची भीतीच पूर्ण वादनभर ऐकू येते.

पंधरा मिनिटांची मांडणी अशी करता येते: आलापाला तीन मिनिटे, झपताल किंवा रूपकाला सहा, द्रुत तीनताल आणि झाल्याला पाच. एकूण चौदा. उरलेले मिनिट मोकळे ठेवावे, कारण मंचावर लय आणि मन दोन्ही बदलतात आणि शेवटची तिहाई घंटेच्या आवाजात बुडाली तर तिचा परिणाम राहत नाही. स्पर्धा दहा मिनिटांची असेल तर आलाप दोन मिनिटांवर आणावा, मध्यलय तीनवर, द्रुत चारवर. सगळीकडून सारखेच छाटू नये. मध्यलय अर्ध्यावर आली तरी आलाप आणि द्रुत ओळखू येतील एवढे राहिले पाहिजेत.

आलापाबद्दल खानदेशातल्या वादकाला एक सूचना आवश्यक आहे. इथल्या पुष्कळ पेटीवादकांचा हात भजनी मंडळात तयार होतो. अमळनेरात संत सखाराम महाराजांच्या वाडीची परंपरा आहे, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते, आणि गावोगावच्या दिंड्यांत टाळ-मृदंगासोबत पेटी तासन्‌तास वाजते. या तालमीतून लयीची जी पकड येते ती कुठल्या वर्गात मिळत नाही, आणि न थकणारा भाताही तिथेच कमावला जातो. परंतु भजनात पेटीला सतत भरून वाजवायची सवय लागते, कारण गाणारे पन्नास गळे आणि टाळांचा गजर यांत थांबलेली पेटी ऐकूच येत नाही. एकलवादनाच्या आलापात थांबावे लागते. एक स्वर लावून तो विरेपर्यंत हात उचलून धरणे, भात्याचा दाब हळूहळू सोडणे, दोन वाक्यांमध्ये तंबोरा ऐकू देणे याचा वेगळा सराव करायला हवा. असा वादक रागनिवडीतही थोड्या स्वरांचे राग घेईल तर त्याला थांबणे सोपे जाते. कलावती किंवा हंसध्वनीत पाचच स्वर आहेत, आणि त्यांत घाई केली तर दोन मिनिटांत सांगण्यासारखे काही उरत नाही, हे वाजवतानाच कळते.

नाट्यपद, भजन आणि धून

शास्त्रीय गटात नाट्यपद वाजवू नये. परंतु मंडळे आणि संस्था घेतात त्या स्पर्धांत दुसरी, छोटी रचना अनेकदा मागितली जाते आणि तिथे महाराष्ट्राचा पेटीवादक आपल्या घरच्या मातीत उभा असतो. पेटीच्या मराठी परंपरेचा मोठा भाग नाटकाच्या पायपेटीवर घडला. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे या पेटीवादकानेच दिल्या, आणि ‘स्वयंवर’मधल्या (१९१६) पदांना भास्करबुवा बखले यांनी रागदारीचा भक्कम पाया दिला. या दोन नाटकांतली पदे अभ्यासाला अतिशय चांगली, कारण त्यांत राग शुद्ध ठेवून भाव बदलण्याची कला दिसते.

दुसरी रचना निवडताना ती पहिल्याच्या उलट दिशेची असावी. मुख्य राग गंभीर असेल तर पद खेळकर. राग द्रुतावर संपला असेल तर पद दादऱ्याच्या किंवा संथ केरव्याच्या चालीचे. मुख्य राग यमन आणि पदही यमनातले, ही जोडी टाळावी. राग पटदीप आणि नंतर पिलू, खमाज किंवा पहाडीतले पद, असे केले की कानाला नवा रंग मिळतो. वारकरी अभंगही घेता येतो आणि खानदेशातल्या श्रोत्यांना तो भिडतो. फक्त त्यात गजर करण्याचा मोह आवरून चाल आणि तिच्यातल्या जागा दाखवाव्यात. पद वाजवण्यापूर्वी ते गाता आले पाहिजे. शब्दांचे श्वास कुठे आहेत हे न कळता वाजवलेले पद नुसती सरगम होते. जळगावात दरवर्षी जानेवारीच्या सुमारास भरणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवासारख्या मैफलीत साथीची पेटी गायकाच्या श्वासाबरोबर कशी थांबते हे समोर बसून ऐकावे. अमळनेरहून जळगाव रेल्वेने जवळच आहे.

पट्टी आणि साथ

कोणत्या पट्टीत षड्ज धरायचा हा निर्णय बहुतेक वादक सवयीने घेतात, आणि द्रुतात त्याची किंमत मोजतात. पांढरी चारमध्ये यमन धरला तर सातही स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. हंसध्वनीही तिथे पूर्ण पांढरा. भीमपलास पांढरी दोनमध्ये सरळ येतो. मालकंस काळी पाचमध्ये पूर्ण काळ्या पट्ट्यांवर बसतो, भूप काळी तीनमध्ये, दुर्गा काळी एकमध्ये. काळ्या पट्ट्या अरुंद असतात, पण त्यांच्यामधली दरी बोटांना खूण देते, म्हणून पाच स्वरांच्या रागांत कित्येकांना त्या सोयीच्या वाटतात. दोन्हीकडे तान वाजवून पाहावी आणि जिथे अंगठा अडखळत नाही ती पट्टी ठेवावी. रागाच्या निवडीआधीच हे पाहिलेले बरे. एखादा राग नेहमीच्या पट्टीत अवघड वाटत असला, तरी पट्टी बदलताच हाताला सोपा होऊ शकतो.

पट्टी ठरवताना तबला विसरता येत नाही. तबलजीचा दायाँ काळी एकचा असेल आणि वादकाची पट्टी पांढरी चार, तर तबला अर्ध्या स्वराने उतरवून पांढरी एकवर, म्हणजे षड्जाच्या पंचमात लावता येतो. राग मालकंस किंवा बागेश्रीसारखा, पंचम वर्ज्य किंवा अल्प असलेला असेल, तर तबला षड्जात किंवा मध्यमातच हवा. मंचावरच्या पाच मिनिटांत हा हातोडीचा उद्योग करण्याची पाळी येऊ नये. पट्टी ठरताच साथीदाराला सांगावी, आणि त्याच्याकडे त्या पट्टीचा दायाँ नसेल तर पट्टी बदलावी. महाविद्यालयाच्या संघात एकच तबलजी गायक, वादक आणि नर्तक या सगळ्यांना साथ करतो. रूपकातला ठेका तो स्वच्छ धरत असेल तर रूपक घ्यावा; नसेल तर झपताल. साथीदाराच्या बळावर तालाची निवड ठरवण्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या साथीदाराच्या जागी तंबोरा धरणारा कोणी घ्यावा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा वीज गेल्यावर बंद पडतो, म्हणून त्यात सेल घातलेले असावेत.

वाद्य स्वतःचे न्यावे. अनोळखी पेटीच्या पट्ट्यांचा दाब, भात्याची गळती आणि सुरांची जात यांच्याशी जुळवून घ्यायला दोन दिवस लागतात, पाच मिनिटे नव्हे. प्रवासाच्या धुळीने सूर अडकतो. निघण्याआधी आणि पोचल्यावर प्रत्येक पट्टी मंद्रापासून तारापर्यंत एकेकदा वाजवून पाहावी. एकलवादनात तीन सुरांपैकी सगळे सतत उघडे ठेवण्याची सवयही तपासावी. आलाप खर्ज आणि नर अशा दोन सुरांवर, द्रुतात मादी सूर जोडलेला, एवढ्या बदलानेही भागाभागांतला फरक ठळक होतो.

निवड पक्की झाली की ती बदलू नये. शेवटच्या पंधरवड्यात दुसऱ्या स्पर्धकाचा राग ऐकून, किंवा मोबाइलवर एखाद्या मोठ्या वादकाचे वादन ऐकून, राग बदलणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि त्यांचा आलाप मंचावर उसना वाटतो. या दिवसांत पूर्ण कार्यक्रम घड्याळ लावून, तबल्यासह, न थांबता रोज एकदा वाजवावा आणि त्याचे ध्वनिमुद्रण दुसऱ्या दिवशी ऐकावे. कोणता भाग लांबला, कुठे तान पुन्हा आली, कुठे भाता ओढल्याचा आवाज आला हे लिहून काढावे. जो भाग तीनदा ऐकूनही लक्षात राहत नाही तो काढून टाकावा, त्याच्या जागी नवे काही घालू नये. तो वेळ आलापाला द्यावा.